जिवंत आजोबाचे नाव

घोलवड,
फेब्रुवारी २०१९

स्वस्ति श्री अखिलविश्वशांतिसंरक्षणधुरंधर, जनित्रविद्यापारंगत, नीलशिरस्त्राणमंडित, घोलवडग्रामभूषण, शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्ह या त्रयीने वारंवार सत्कृत, आणि गेला महिनाभर भ्रमणध्वनी न उचलण्याचे कठोर व्रत अखंडितपणे आचरणारे चिरंजीव जतीन गोविंदराव यांच्या चरणी, चरण सांप्रत वापी येथे असल्यामुळे टपालाने, दामोदर नामक यःकश्चित काकाचे सविनय निवेदन.

प्रिय जतीन,

वरील बिरुदांपैकी शेवटचे तेवढे माझे. बाकीची २०१६ साली तुझ्या वडिलांनी स्टेशनाबाहेर लावलेल्या फलकावरून घेतली आहेत. मी केवळ त्यांचे संस्कृत शुद्ध केले. वस्तुतः तू आफ्रिकेत शांतिसेनेच्या तळावरची जनित्रे दुरुस्त करणारा कंत्राटी तंत्रज्ञ होतास. पण तिथे मिळालेली निळी टोपी घालून तू गाडीतून उतरलास आणि दादाने तुला परस्पर सेनापती करून टाकले. त्या टोपीतला तुझा फोटो बैठकीत टांगला आहे. त्याला हार घालण्याचा बेत होता. जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालत नाहीत, असे सांगून मी तो हाणून पाडला. या घराण्यात शास्त्राचा उपयोग एवढाच उरला आहे.

इकडचे क्षेमकुशल असे. चिकूला यंदा बहर बरा आहे, भाव बरा नाही. तळासरीच्या शाळेत नववीची मुले 'देव' शब्द चालवताना द्विवचनापाशी बसकण मारतात, ती उठवणे हे माझे विहित कर्म चालू आहे. वहिनी, म्हणजे तुझी आई, माझ्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलते. दादा अजिबात बोलत नाही. याचे कारण तुला निम्मे माहीत आहे. उरलेले निम्मे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

जानेवारीत आपल्या बागायतदारांचे संमेलन होते. मंडपाशी एक पांढरी गाडी थांबली. तीतून उतरलेल्या बाईंनी जतीन गोविंदराव यांचे घर विचारले. कुठून आलात, यावर त्यांनी शांतिसेना पाठवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नाव घेतले मात्र, पुढचे वाक्य कोणी ऐकूनच घेतले नाही. आपल्या गावाची पुरातन व्याधी तुला ठाऊक आहे: पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या अनोळखी मनुष्याला आधी नारळ द्यायचा आणि मग तो कोण हे विचारायचे. वीजचोरी पकडायला आलेल्या अभियंत्याचाही आपण असाच सत्कार केला होता. या बाईंना व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवण्यात आले. शाल झाली, नारळ झाला, चिकूची पेटी झाली. दादाने ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले की जतीनच्या कार्याची दखल घ्यायला खास पाहुण्या आल्या आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. बाई उठल्या, म्हणाल्या, "दखल घ्यायलाच आले आहे, पण ते घरात बसून बोलू." टाळ्या पडल्या. या गावात जन्मभर मी टाळ्या ऐकत आलो आहे. इतक्या अस्थानी पडलेल्या ऐकल्या नव्हत्या.

घरी ओटीवर चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. शाल घडी करून शेजारी ठेवली आणि आपण वकील आहोत, नाव जागृती, असे सांगितले. शांतिरक्षणाला गेलेल्यांनीच ज्या बायकामुलींचे शोषण केले, त्यांना कायद्याची मदत देणाऱ्या एका संस्थेचे काम त्या करतात. मग त्यांनी एका मुलीची हकिकत सांगितली. ती तळाच्या फाटकाशी शेंगदाणे विकत असे. तेव्हा सतरा वर्षांची होती. आता तिला पावणेतीन वर्षांचा मुलगा आहे.

मी पृच्छा केली, कारण पृच्छा करणे हा माझा पेशा आहे. कळले ते ऐकून माणसाने हसावे की भिंतीवर डोके आपटावे, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. या पीडितांसाठी दोन-तीन वर्षांपूर्वी एक विश्वस्त निधी स्थापन झाला आहे. त्यात देशोदेशींच्या देणग्या येतात, दोषी ठरलेल्यांचा रोखून धरलेला मोबदला येतो. त्यांच्या हक्कांसाठी एक उच्चपदस्थ अधिकारी नेमल्या आहेत. ठराव आहेत, परिपत्रके आहेत, 'शून्य सहिष्णुता' नावाचे धोरण आहे. त्यातून या मुलीला समुपदेशन मिळाले, शिवणयंत्र मिळाले, साबण करण्याचे शिक्षण मिळाले. हे थोडे नव्हे, असे जागृतीताई म्हणाल्या, आणि ते खरे असावे. परंतु तिने जे मागितले ते एकच होते: या मुलाचा बाप कोण, हे त्या बापाने मान्य करावे. तिथे सगळे विश्वव्यापी यंत्र खुळखुळा होऊन बसले. तळ म्हणतो कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणतो करार संपला. आणि ज्याला विचारायचे तो वापीला बसून फोन वाजू देतो. भूमंडळातले एवढे देश, जतीन, तुझ्या एका 'हॅलो'साठी अडून बसले आहेत.

मुलीचे नाव जागृतीताईंनी सांगितले नाही. तसा त्यांचा नियम आहे. मुलाचे नाव सांगायला मात्र तिने परवानगी दिली होती. मुलाचे नाव गोविंद.

मग दादा म्हणाला, "हे नाव हल्ली सिनेमामुळे कुठेही पोचतं." त्यावर दाराआडून वहिनी म्हणाली, "आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, हे पण सिनेमात दाखवतात का हो?" कारण त्या मुलीने हेही सांगितले होते: आमच्याकडे आजोबाचे नाव नातवाला देतात, असे तूच तिला म्हणाला होतास. तू अर्धेच सांगितलेस. आजोबा गेल्यावर देतात, हे सांगायचे तुझ्याकडून राहिले. त्यामुळे तिकडे एक गोविंद रांगला, उभा राहिला, चालू लागला. आणि इकडे मूळ गोविंद रक्तदाबाची गोळी गिळून म्हणत होता की जित्या माणसाचे नाव ठेवले, हा अपशकुन आहे. त्या संपूर्ण हकिकतीत त्याला आक्षेपार्ह एवढेच सापडले.

त्या संध्याकाळी तू माझा फोन उचललास, तो शेवटचा. "काका, ती राजी होती. तिकडे सगळेच करतात. थोडे दिवस गप्प बसा, मिटेल." मी भाषा शिकवून पोट भरतो, तेव्हा शब्दांविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे. एकाच्या हाती भांडाराची किल्ली आणि दुसरीच्या घरी चूल पेटायची बाकी, अशा दोघांमध्ये राजीखुशी नावाची वस्तू असू शकत नाही. सतरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत तर तुझ्या तळाचा नियमही हा शब्द ऐकून घेत नाही, आणि त्या नियमावर तू सही केली होतीस. सही करून आलास तेव्हा दादाने पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले.

तू सात-आठ वर्षांचा असताना खालच्या वाडीतले कच्चे चिकू तोडलेस आणि मी नव्हे, मी नव्हे, असे म्हणत माझ्यापुढे उभा राहिलास. बोटे चिकाने एकमेकांना अशी चिकटली होती की तुला नकारार्थी हातही हलवता येईना. मी खोबरेल तेल लावून एकेक बोट सोडवले आणि पोटभर हसलो. तो मुलगा मला फार आवडत असे. अजूनही आवडतो, हीच माझी अडचण आहे. नाहीतर या वयात इतके लांबलचक पत्र लिहिण्याचा खटाटोप मी केला नसता.

आता मुद्दा. नमुना देण्याची सक्ती तुझ्यावर कोणी करू शकत नाही, हे जागृतीताईंनी स्वच्छ सांगितले. दादाचा सारा धीर त्यावरच टिकून होता. पण मी आणखी एक पृच्छा केली, आणि उत्तर असे मिळाले की मूल मुलगा असेल, तर बापाच्या वंशातल्या कोणाही पुरुषाच्या नमुन्यावरून घराणे ओळखता येते. गेल्या गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तळासरीच्या एका दवाखान्यात गेलो. तिथली परिचारिका नवशी माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. "सर, आ करा," म्हणाली, "वर्गात आम्हाला गप बसवायचात ना, आता तुम्ही बसा." तिने माझ्या गालाच्या आतून काडी फिरवली आणि जागृतीताईंनी ती मोहोरबंद करून नेली. याने मुलगा आपल्या घरचा, एवढेच ठरेल. पण आपल्या घरात पुरुष तीनच, दादा, मी आणि तू. आणि त्यांतला आफ्रिकेला एकच गेला होता. घरी येऊन मी हे दादाला स्वतः सांगितले, आता तुला सांगतो आहे, कारण पाठीमागून करणे मला जमले नसते. अहवालाला काही आठवडे लागतील. तेवढ्यात जागृतीताईंना तू स्वतः फोन केलास, तर त्या मुलीला तुझे नाव तुझ्या तोंडून मिळेल. नाही केलास तर माझ्या तोंडातून मिळेल. मिळेल हे नक्की. त्यांचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे.

बिरुदे उतरवून ठेवल्यावरही तुझाच,
दामूकाका

ता. क. गुरुवारपासून विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली खिळ्यावर नाही. दादाला विचारले तर तो आकाशाकडे पाहतो. माझ्या पाण्याच्या दोन पाळ्या बुडाल्या, खालच्या वाडीतली कलमे माना टाकू लागली आहेत. त्याचा फोन तू उचलतोस असे वहिनी म्हणते, तेव्हा तेवढे किल्लीचे विचार. दुसरी किल्ली होती, ती २०१४ साली आफ्रिकेला जाताना तूच खिशातून नेलीस आणि अजून परत केलेली नाहीस. तिथेच राहिली असेल, तर तसे तरी कळव.