कॅरमच्या खोलीचं छत

लातूर, ८ एप्रिल २०१६
ठरलं. माडीवरची अडगळीची खोली कॅरमची होणार. मामांनी — माझ्या सासऱ्यांनी — महिनाभर बोर्डाला हात लावला नाही. म्हणतात, "बल्ब डोळ्यात घुसतो माय, सोंगटीच दिसंना." खरंय, चकचकीत बोर्डात बल्ब आरशात दिसावा तसा दिसतो. ज्या अण्णारावांनी अर्ध्या गंजगोलाई बाजाराला हरवलं, ते आता ओट्यावर नुसते बसून ऱ्हातात. बघवत नाही मला.

छताखाली दुसरं छत करायचं, कडेनं फट ठेवायची, फटीत एलईडीची पट्टी. पट्टी दिसायची नाही. नुसता उजेड वर स्लॅबला लागून खाली पसरायचा. नकाशा मीच काढला. हे म्हणाले, "एकवेळ उदगीर जिल्हा होईल, पण तुझी खोली होणार न्हाई." बघू!

१२ एप्रिल
दुष्काळाची पाण्याची रेल्वे आली. सगळं गाव स्टेशनावर. इकडं पीओपीवाला शरणप्पा म्हणतो, "वहिनी, दोन ड्रम पाणी लागंल." दोन ड्रम! सासूबाई तर ड्रमाला कुलूप लावून बसल्यात. शेवटी तयार शीट स्क्रूनं मारायची ठरली. पाणी फक्त सांधे भरायला.

१५ एप्रिल
सांध्यांसाठी तांदूळ धुतलेलं पाणी दिलं. शरणप्पानं हुंगलं. "इडल्या लावायच्यात का छताला?" दिवसभर हसत राहिले मी.

१६ एप्रिल
धूळ. पुसायला पाणी कुठलं.

१८ एप्रिल
पट्टी स्लॅबला लई जवळ बसली, तर नुसती उजेडाची रेघ. चार बोटं खाली घेतली, तेव्हा कुठं उजेड पसरला. पिवळा का पांढरा? दोन्ही लावून मामांना दाखवले. "तुला आवडंल तो ठेव, माय." कधी म्हणून कुरकुर नाही माणसाची. पिवळा ठेवला.

२१ एप्रिल
ह्यांना दम कुठं! दुपारी खिडक्या उघडून बाप-लेक खेळायला बसलेच. मामांची राणी भोकाच्या कडेलाच अडली. ह्यांनी करंगळीनं हळूच ढकलली. "गेली अप्पा, राणी गेली!" आमच्या घरात मोठ्यांना हरवत नाहीत. मामा खूश. मीही टाळ्या वाजवल्या.

नंतर ह्यांना विचारलं, कधीपासून ढकलताय? म्हणाले, "दिवाळीपासून." म्हणलं, आता बास. चांगला उजेड आला की ते स्वतःच घालतील.

२३ एप्रिल
दिवस मावळल्यावर सगळे वर. खिडक्या लावल्या, पट्ट्या चालू केल्या. छतभर मऊ उजेड, बोर्डावर कुठं चमक नाही. शरणप्पासुद्धा बघत राहिला. मामांनी पावडर टाकली, स्ट्रायकर चाचपून घेतला, वर तोंड केलं.

"लई छान केलंस, माय. आता लाव की लाईट."

लाईट चालूच होती. मी अजून न बसवलेल्या पंख्याचं बटन दाबलं, नुसतं टक्कन वाजावं म्हणून.

"हां," मामा म्हणाले, "आता दिसतं."