आंधळ्या दाईचे झगे

९ जानेवारी, शुक्रवार

राखणदार मेला. आणि हे मला टीव्हीनं नाही सांगितलं, माझ्या धाकट्या जावेनं सांगितलं!

भाग सुरू व्हायला अवकाश होता. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला आपली खुर्ची ओढून घेत होता, समोरची नर्सबाई दाराशी चपला काढत होती, मी शिवणयंत्रावरची कापडं बाजूला करून रिमोट शोधत होते. एवढ्यात ही बया वरच्या मजल्यावरून उतरली, दुकानाच्या दारात उभी राहिली, कमरेवर हात! "ताई, रुमाल घेऊन बसा हो. आज तुमचा म्हातारा जातोय. बरगडीत सुरा!"

काल लेकीकडे होती. तिथे मोबाइलवर 'काजळकोट' एक दिवस आधी दिसतो म्हणे. पैसे भरले की सगळं आधी. लोकांची सुखंसुद्धा.

तीन वर्षं मी ही मालिका त्या राखणदारासाठी बघतेय. उडते डोंगर, शाप, बोलणारे लांडगे — असू देत बापडे. पण तो म्हातारा किल्ल्याचं दार लावून कडीवरून एकदा तळवा फिरवायचा ना, अगदी तसाच आमचे हे दुकान बंद करताना कुलपावरून फिरवायचे. हे गेल्यावर तो हात मी शुक्रवारी टीव्हीवरच बघत आले. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

आज तो जिना चढत होता आणि मी त्याच्या बरगडीकडे बघत होते. आता येईल सुरा, आता येईल. डोळ्यांत एक टिपूस नाही. रडायचं होतं ते पण चोरून नेलं मेलीनं!

आणि वर मीठ चोळलं ते वेगळंच. "त्याचा कोट तर तुम्हीच शिवला होतात ना, ताई? डाव्या बरगडीखाली चीर, आत रबरी अस्तराचा खिसा. स्वतः शिवलंत आणि स्वतःला कळलं नाही!" सगळे हसले. नर्सबाईसुद्धा.

खरं आहे. मालिकेच्या कपडेपटाचं जादा काम माझ्याकडे येतं. एकसारखे तीन कोट शिवले होते. मला वाटलं, राखणदार आहे, किल्ल्या ठेवत असेल खिशात! रक्ताची पिशवी ठेवायची होती.

१० जानेवारी

तिच्याशी बोलणं बंद. विषय संपला.

१२ जानेवारी

विषय संपलेला नाही.

तिचाही जीव कुणात अडकलाय ते मला ठाऊक आहे. आंधळी दाई! डोळ्यांवर पट्टी, वर झग्याची टोपी ओढलेली, दिसते ती नुसती हनुवटी. पण जावेला विचारा. "काय अभिनय! बाई हनुवटीनं रडते हो!"

यावरून तर आमची दर शुक्रवारी जुंपायची. मी म्हणायची, कसला डोंबलाचा अभिनय? एका भागात काठी उजव्या हातात, दुसऱ्या भागात डाव्या. कधी लंगडते, कधी तुरुतुरु धावते. स्वतःचं सोंग स्वतःच्या लक्षात राहत नाही! चष्मेवाला माझ्या बाजूनं. "ही बाई पट्टीतून बघते, मी लिहून देतो." त्यावर जाऊ, "तुम्ही काचा विका. माणूस तुम्हाला नाकाच्या खाली दिसत नाही." नर्सबाई दोन्ही दगडांवर पाय ठेवून. भांडता भांडता चहा दोनदा व्हायचा. घरी जायला कुणी उठायचं नाही.

ते सगळं तिनं एका वाक्यात नासवलं. म्हणजे आता दाई. दिवस येईल माझा पण.

१६ जानेवारी, शुक्रवार

आली. वरून फरशीवर काठी आपटली — सुरू होतंय, येतेय मी, ही तिची खूण — आणि काही झालंच नाही अशी येऊन आपल्या खुर्चीत बसली. मी सगळ्यांना चहा दिला. तिचा बिनसाखरेचा.

"ताई, साखर?"

"संपली."

तेवढ्यात चष्मेवाल्यानं डब्यातून दुसरा चमचा घेतला! शहाणा.

जाऊ हसली. "राग माझ्यावर आहे ना, मग साखरेला का कोंडता?"

सगळं बोलली. 'चुकलं' एवढंच नाही बोलली. तेवढं म्हणाली असती तर मी विरघळले असते, मला माझा स्वभाव माहीत आहे. म्हणूनच राग आला जास्त.

२० जानेवारी

सापडली! देतो रे देतो, वर बसलेला देव देतो!

कपडेपटाचे मास्तर कापडाचा गठ्ठा घेऊन आले. शेवटच्या भागासाठी दाईचा झगा. चार! तेच राखाडी कापड, तीच टोपी, बाहीवर तोच काजळीचा डाग. निघताना दार लोटून म्हणाले, "मावशी, बाहेर एक अक्षर गेलं तर मला काढतील, आणि मी तुमचं काम काढीन."

मला कुणी शिकवलेलं नाही. दुसऱ्यांचे कपडे उसवून उसवून शिवण शिकले, आणि आता मालिकासुद्धा शिवणीवरून वाचता येते. एक कपडा अनेकदा शिवून घेतात तो कशाला? खराब होणार म्हणून. रक्त, चिखल, आग. एक मरण पुन्हापुन्हा चित्रित करायचं, दर वेळी कोरा कपडा. राखणदाराचे तीन. दाईचे चार म्हणजे मरणसुद्धा मोठंच दिसतंय!

चीर मात्र नाही. खिसाही नाही. आणि चारही मापं निराळी. एक सडसडीत, एक कमरेत सैल, एक तर चांगला वीतभर आखूड. आधी वाटलं मास्तरांचं डोकं फिरलं. मग पेटला दिवा! दाईच्या ऐवजी उड्या मारणाऱ्या बायका असणार. म्हणजे सुरा नाही, विष नाही. कड्यावरून ढकलणार तिला.

एकदा तोंड पोळलंय. या वेळी पुरतं कळलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

पोटात ठेवणं म्हणजे काय कष्ट असतात! दुपारभर तिच्या दाईचाच झगा मांडीवर, आणि संध्याकाळी ती समोर.

आज शेवटावर वाद. नर्सबाई म्हणते, दाई राणी होणार. चष्मेवाला म्हणतो, दाईच खरी चेटकीण. जाऊ म्हणाली, "काही का होईना, मरायची नाही ती. आणि ऐका, शेवटचा भाग मी लेकीकडे बघणार नाही. बोलावतेय ती, पण नाही म्हटलं. इथेच बघणार. सगळ्यांबरोबर. आधी नाही."

बोलताना माझ्याकडे बघितलं तिनं. मी सुईत दोरा ओवत राहिले. ओवलेलाच होता.

उशिरा सुचलेलं शहाणपण. माझा राखणदार परत येणार आहे का त्यानं?

३० जानेवारी, शुक्रवार

सांगितलं.

तिचेच शब्द, तसेच, कमरेवर हात ठेवून. "रुमाल घेऊन बस हो पुढच्या शुक्रवारी. तुझी दाई जातेय. कड्यावरून!" आणि पुरावा पण दिला, चार झगे शिवलेत म्हणून. काम गेलं तर गेलं!

मला वाटलं होतं, भांडेल. काचा फुटतील असं ओरडेल. तिनं शालीची घडी घातली, पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "बरं," म्हणाली. वर गेली. भाग अर्धा राहिला होता.

कुणी हसलं नाही. माझ्या वेळी हसले होते!

चष्मेवाला जाताना म्हणाला, "हे काही बरं केलं नाहीत." मी म्हटलं, तुम्ही काचा विका. तो पण तिचाच शब्द निघाला तोंडातून.

फिट्टंफाट झाली. आता हलकं वाटायला हवं.

२ फेब्रुवारी

वरून टोपली सुटली नाही आज. एरवी सोमवारी दोरीला बांधून सोडते, लेकीच्या पोरांचे फाटके कपडे, वर एखादी चिठ्ठी, 'ताई, याच्या गुडघ्यांना दात आहेत का बघा.' मी दोनदा खिडकीशी गेले. वारा बघायला.

माघार नाही घ्यायची.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काठी वाजली नाही. खुर्ची रिकामी. नर्सबाई तिच्यावर पिशवी ठेवायला गेली, मी म्हटलं, खाली ठेवा.

मालिका सुरू झाली. धुकं. कडा. दाई एकटी चालत टोकाशी आली, काठी उजव्या हातात. मागे सेनापतीची माणसं. मला माहीत होतं ना पुढचं! सूड मी घेतला आणि धडधड मलाच. सेनापतीनं हात उचलला —

आणि धुक्यातून दुसरी दाई आली. काठी डाव्या हातात. मग तिसरी, लंगडत. मग चौथी, तुरुतुरु, वीतभर आखूड झगा, माझीच दुमड! चौघींनी पट्ट्या सोडल्या. चार बहिणी! तीन वर्षं एकच दाई म्हणून चौघी चार दरवाज्यांनी किल्ल्यात ये-जा करत होत्या. सेनापती गुडघ्यांवर.

"तरीच! पट्टीतून बघत होती!" चष्मेवाला ओरडला. "मी म्हटलं नव्हतं?" नर्सबाई टाळ्या पिटत होती.

आणि वरून धाडकन काठी! फरशीवर काठी, काठी, काठी. वर एकटीच बघत होती ती. नाचत असणार. छताची भुकटी टीव्हीवर पडली.

मी तशीच बसले. अभिनय वाईट म्हणत होते, तोच चौघींचा निघाला. मरण शिवलं म्हणत होते, ते चार बायकांचे साधे चार झगे. मापं निराळी होती म्हणून निराळी! एवढं सरळ कापड मला उलटं दिसलं.

आता ती हसणार. जन्मभर हसणार.

७ फेब्रुवारी

सकाळी दुकान उघडते तोच आली आणि गळ्यात पडली!

"ताई, मुद्दाम खोटं सांगितलंत ना? चार झगे शिवणारीला चौघी ठाऊक नसतील होय?"

मी हातातलं कुलूप कडीला अडकवलं.

"आठवडाभर रडून घेतलं हो मी तिच्यासाठी. काल टीव्हीसुद्धा लावणार नव्हते. मग म्हटलं, जाताना तरी सोबत करू बिचारीला. आणि ती एकीच्या चार होऊन आली! आधी माहीत असतं तर एवढा आनंद झाला असता का? मी तुमचं सगळं आधी सांगून घालवलं, आणि तुम्ही माझं चौपट केलंत." मग डोळे पुसत, "चुकलं माझं, ताई. त्या दिवशी फार चुकलं."

हवा होता तो शब्द आला. कधी? तर मी त्याला लायक नसताना!

सांगणार होते, अगं वेडे, मी मारलीच होती तुझी दाई, मनापासून. पण हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "चहा घेतेस?" म्हटलं. साखर दोन चमचे.

"चौघींत मला लंगडी आवडली," चहा पिताना म्हणाली. "तिचं चालणं बघवत नाही आणि सोडवत पण नाही."

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीत माझ्या मोठ्या मनाचा डंका! नर्सबाईनं तर हात जोडले. सूड घ्यायला गेले आणि पुण्य माथी बसलं. टोचतंय, कपड्यात टाचणी राहून गेल्यासारखं. मास्तरांचंही काही बिघडलं नाही. बाहेर अक्षर गेलं ते खोटंच गेलं.

१८ मार्च

मास्तर येऊन गेले. पुढच्या पर्वाचं काम. दाईचे तीन झगे, तिन्ही लंगडीच्या मापाचे. डाव्या बरगडीखाली चीर. आत रबरी अस्तराचा खिसा.

वरून जावेनं टोपली सोडली आणि खिडकीतून ओरडली, "ताई, काय आलंय हो शिवायला?"

"पडदे," म्हटलं.