माझे कान ठणठणीत

४ जुलै
दौंडच्या आरिफ रेकॉर्डिंगवाल्याचा फोन. रेंज खराब, म्हणून बायकोनं, सरूनं घेतला. शिरूर-दौंडकडचे सगळे गाणारे-वाजवणारे मिळून एक गाणं करणार. त्याची कमाई डॉक्टर लोकांना. डीजे-बेंजोवाल्यांचे कान का जातात, यावर ते संशोधन करणार. बेंजो माझा. बत्तीस वर्षं बेंजो पार्टी चालवतोय, दुसरं हाय कोण?
बिचाऱ्यांचे कान जातात म्हणे. माझे ठणठणीत. हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात, त्यावर करा म्हणावं संशोधन.
उद्यापासून रोज दोन तास रियाज.

७ जुलै
रियाज झाला न्हाई. पुतण्या ज्ञानेशनं निमोण्याच्या चौकात माझा फ्लेक्स लावला: बेंजोसम्राट हौसराव. मी नको नको म्हणत होतो. फोटो तेवढा नीट निवडून दिला.

११ जुलै
घात झाला! आरिफचा मेसेज. रेकॉर्डिंगच्या आधी प्रत्येक कलाकाराचे कान तपासणार. मला काय भीती? पण मशीनचा काय भरवसा. पाठ धरली म्हणून सांगून टाळावं म्हणलं, तर दुपारी ग्रामपंचायतीत या गाण्यासाठी माझा सत्कार. नारळ, शाल, भाषण. आता पाठ धरून कसं चालेल? धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

१५ जुलै, दौंड
तपासणी. कपाटाएवढी खोली, दार बंद. कानाला हेडफोन, हातात बटण. बारीक आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडं तपासणाऱ्या रुपाली मॅडम. मशीन बंदच असावं. पण मी काय कच्चा हाय? मॅडमचा हात हलला की बटण दाबलं. मधेच त्यांनी नाक खाजवलं, तवापण दाबलं.
मॅडम हसल्या. म्हंजी पास. त्यांनी परत या म्हणून चिठ्ठी दिली, ती सरूला दाखवली न्हाई. उगं काळजी करते.

१८ जुलै, दौंड, स्टुडिओ
पुन्हा काचेची खोली, पुन्हा दार बंद. पंखापण बंद, आवाज येतो म्हणे. मला तर कधीच आला न्हाई. हेडफोनचा आवाज अगदीच बारीक, तरी वाजवायला घेतलं. काय रंगलं! काचेपलीकडून आरिफ हात हलवून ओरडला, लांबवा. लांबवलं. तो परत ओरडला, आणखी लांबवलं. खुर्शिद कव्वाल, भजनवाल्या सोजरबाई, सगळे उठून उभे राहिले. मला वाटलं, मान देतायत.
शेवटी सोजरबाई आत आल्या आन् माझा हात धरला. आरिफ 'थांबवा' म्हणत होता. गाणं दहा मिनिटांपूर्वीच संपलं होतं.
नीट उच्चार करायला काय जातं लोकांचं? एकजणही हसला न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं.

२ ऑगस्ट, सकाळी ९
गाणं आलं! ज्ञानेशनं मोबाईलवर लावून दिलं आन् कामावर गेला. ओट्यावर बसून कानाला लावून सगळं ऐकलं. माझा बेंजो काय उठलाय! डोळ्यात पाणी आलं. सरूला म्हणलं, ऐक.
तिनं फोन बघितला. माझ्याकडं बघितलं. मग अगदी जवळ येऊन मोठ्यानं म्हणाली, अहो, गाणं अजून सुरूच झालं न्हाई, नेट गेलंय.

सकाळी ११
दोन तास भांडायला कारण शोधलं. सापडलं न्हाई.
सरूला चिठ्ठी दिली. म्हणलं, रुपाली मॅडमना फोन लाव आन् तूच बोल. मला ऐकू येत न्हाई.