काठीवरचे थेंब

मयूर विहार, दिल्ली
१४ सप्टेंबर १९९७

तीर्थरूप बाबांना अक्षयाचा नमस्कार.

पत्र पोचेल तेव्हा गणपती गेलेले असतील. मी मजेत आहे. शेजारच्या सुरेखाकाकू मोदक खाऊ घालतात आणि उशीर झाला की हिंदीत रागावतात. वीस वर्षं दिल्लीत काढली की रागही हिंदीतच येत असावा.

मोठी बातमी म्हणजे विंचवांवरचा प्रबंध पूर्ण झाला! दिल्लीजवळ मानेसरला कारखान्यांसाठी माळ खणताहेत. दगडाखालून विंचू निघतात, मजूर पळतात आणि मी चिमटा घेऊन धावते. "मॅडम, आप बिल्कुल पागल हो," असं मुकादम दीनानाथ रोज म्हणतो, आणि रोज दोन-चार विंचू बरणीत धरून ठेवतो.

तुम्ही इतक्या लोकांचे विंचू उतरवलेत, पण नांगीच्या आत कधी पाहिलं नसेल. शेवटच्या फुगीर गाठीत विषाच्या दोन पिशव्या असतात, शेजारीशेजारी. प्रत्येकीवर जाड स्नायू. तो आवळला की पिशवी कवचावर दाबली जाते आणि टोकाजवळच्या दोन बारीक छिद्रांतून विष येतं. पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की अस्तराच्या घड्या दिसतात. त्या घड्यांत उभ्या पेशी, दाण्यांनी गच्च भरलेल्या. विष तिथे तयार होतं. हे माझ्याइतकं नीट आमच्या विभागात कुणी रंगवत नाही, हे सरांनीच सांगितलं.

पिशवी एका डंखात रिकामी होत नाही, बाबा. मी विंचवाला लागोपाठ डंख मारायला लावले. पहिला थेंब पाण्यासारखा आला. पुढचे दुधासारखे, जहाल. त्या दिवशी जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी आणला.

आपला प्रतीक गेला त्या सकाळी तुम्ही शेतावर होतात. काठीवर तीनदा डंख मारायला लावला की विंचू रिता होतो, असं आपलं सगळं गाव म्हणायचं. मी तुमची काठी घेतली. एक, दोन, तीन. मग त्या सहा वर्षांच्या पोराला म्हटलं, "आता धर, काही होत नाही." मी दहा वर्षांची होते. तुम्ही धावत आलात तेव्हा मी म्हणाले, दगडाखाली हात घातला त्याने.

ग्रहणात मंत्र जपायचा राहिला, त्याची शक्ती गेली म्हणून पोर गेलं, असं तुम्ही धरून बसलात. अठरा वर्षं कुणाच्या विंचवाला हात लावला नाहीत, आणि मी पाहत राहिले. ग्रहणाचा काही संबंध नाही. ते विष कुणाच्याच मंत्राने उतरलं नसतं. काठीची समजूत गावाची होती, खोटं मात्र माझं एकटीचं.

वीस ऑक्टोबरला तोंडी परीक्षा आहे. प्रबंध प्रतीकच्या नावे अर्पण केलाय. परीक्षेची मला मुळीच भीती नाही, तुमची आहे. राग आला तर इथे येऊन समोर बोला. नाही आला तरी या. मी निजामुद्दीन स्टेशनवर उभी असेन.

ती काठी अजून दाराआड असेल, तर घेऊन या.

तुमच्याशी अठरा वर्षं खोटं बोललेली, पण तुमचीच,
अक्षया