दोघांचा होकार माझ्यापाशी

सर,

आदरणीय लिहिलं की शाळेच्या अर्जासारखं वाटतं, आणि प्रिय लिहायला हात धजत नाही. म्हणून नुसतं सर. चालेल ना?

ज्या गोष्टीसाठी तुम्ही बेळगावहून गणेशगुडीला येऊन आमच्या लॉजवर आठ-आठ दिवस राहत होतात, ती परवा दुपारी घडली. आमच्याच स्वयंपाकघरात. आणि नेमके तुम्ही नव्हतात. थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं? तुमच्याशिवाय हे मी कोणाला सांगू? पाहुण्यांना सांगण्यासारखं नाही, आणि गावात सांगितलं तर संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या गावी, जोयड्याला पोचेल. म्हणून हे पत्र.

तुम्ही गेल्याचं तुमच्या मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा सगळ्या खोल्या भरल्या होत्या आणि माझे हात पिठात होते. मला शेवटच्या दर्शनालाही निघता आलं नाही. त्याची रुखरुख लागून राहिली आहे. फोन ठेवला आणि भाकऱ्या थापता थापता रडले, तेवढंच माझ्या हातून झालं.

पहिल्यांदा आलात ते आठवतं? मला वाटलं, पक्षी बघणारे असतील. इथे येणारा माणूस एक तर नदीत बोटीतून आपटायला येतो, नाही तर धनेश बघायला. तुमच्याकडे दुर्बीण नव्हती. तुम्ही म्हणालात, "मी कॉलेजात बिझनेस स्ट्रॅटेजी शिकवायचो, आता निवृत्त झालोय. तुमचा कारभार कसा चालतो ते बघू द्याल का?" माझा थोरला भाऊ, दादा, पार गोंधळला. "आमच्या चार खोल्या नि एक स्वयंपाकघर. त्यात काय बघनार तुमी?" तुम्ही सांगितलंत, की जन्मभर मोठ्या कंपन्यांचे आराखडे मुलांना शिकवले, पण आराखड्यात लिहिलेलं एक असतं आणि रोज घडतं ते दुसरंच. ते दुसरं कुठे ठरतं आणि कोण ठरवतं, तेवढं बघायचंय.

तुम्ही खोलीवर गेल्यावर माझा धाकटा भाऊ रमेश माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "इन्कमटॅक्सवाला हाय गं अक्का. जपून बोल." मग काय, मीही दोन दिवस जपूनच बोलले. तुम्हाला वाटलं असेल, बाई फार शांत आहे.

आमच्या घरचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पहिल्याच फेरीत ओळखलंत. लॉज दोघा भावांच्या नावावर. दादा जागा आणि खोल्या बघतो, रमेश बुकिंग आणि नदीवरच्या बोटी. स्वयंपाकघर माझं. म्हणजे कामाला माझं, कागदावर नाही. आणि दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. कधी काळी जनरेटर कुठला घ्यायचा यावरून भांडले. तो जनरेटर गंजून भंगारात गेला, अबोला मात्र ठणठणीत राहिला. काही सांगायचं असलं की दोघंही माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "त्याला सांग."

महिन्याच्या बैठकीला तुम्ही दोनदा बसलात. दादाचं तोंड खिडकीकडे, रमेशचं मोबाइलमध्ये, हिशेबनीस वाचतोय आणि दोघं मान हलवतायत. त्यानंतर तुम्ही बैठकीला जाणंच सोडलंत आणि स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायला लागलात. मला वाटलं, वासानं आलात. कंदांची भाजी तुम्हाला आवडायची, सोलकढी तर वाटीवर वाटी. मी म्हटलंसुद्धा, "सर, अभ्यास कमी नि जेवण जास्त चाललंय तुमचं." तुम्ही म्हणालात, "दोन्ही इथेच चाललंय, शालनबाई."

मी हसले होते. तुम्ही गंमत करत नव्हतात, हे मला आता कळतंय. तेव्हाच नीट का नाही सांगितलंत?

एकच प्रश्न घेऊन तुम्ही सगळ्यांच्या मागे लागायचात. "इथे डीजे लावायचा नाही, हे कोणी ठरवलं?" दादा म्हणाला, रमेशनं. रमेश म्हणाला, दादानं. मला विचारलंत तेव्हा मी म्हणाले, "कुणीच न्हाई. तसंच चालत आलंय." तुम्ही डोळे मिटून हसलात. मला रागच आला. हसण्यासारखं त्यात काय होतं?

आता आठवून बघते तर सगळं लख्ख आठवतं. रमेश एकदा तणतणत आत आला. "त्याला सांग, पोरं डीजे मागत्यात. डीजे न्हाई तर बुकिंग न्हाई. म्हाताऱ्याला कळत कसं न्हाई?" मी लगेच गेले नाही. दादाचं जेवण होऊ दिलं, मग म्हटलं, "रमेश इचारतोय, डीजेचं काय करूया?" दादा उखडला. "नदीकाठी धिंगाणा घालनार? अक्कल गहाण टाकलीया काय त्यानं?" मी परत येऊन रमेशला सांगितलं, "दादा म्हणतोय, शांत जागा म्हणून येणारी कुटुंबं आपली, ती जातील." कुटुंबांबद्दल दादा एक अक्षर बोलला नव्हता. ते मी घातलं. रमेशला ते पटलं, त्यानं मोबाइलवरच्या जाहिरातीत शांत नदीकाठ असं टाकलं, आणि आज लोक त्यासाठीच येतात. मग सर, हे कोणी ठरवलं?

शाकाहारी लोकांची वेगळी चूल तर आणखी मजेची. ती मलाच हवी होती. दादाला सांगितलं, रमेशचं तसं म्हणणं आहे. रमेशला सांगितलं, दादाचं तसं म्हणणं आहे. दोघांनी तोंड वाकडं केलं आणि दोघांनी होकार दिला, कारण आपल्यामुळे अडलं असं कोणालाच नको होतं. चूल झाली. त्या चुलीपाशी बसूनच तुम्हाला लिहितेय.

एकदा तुम्ही मला पकडलंत. "आत्ता रमेशना तुम्ही जे सांगितलंत, दादांचे शब्द तसे नव्हते." मी फणकारले, "शब्द येगळे आसतील, माणूस तोच हाय." त्या दिवशी तुमच्या ताटात सोलकढी नव्हती. मुद्दाम नव्हती. संध्याकाळी तुम्ही आपणहून म्हणालात, की बघणाऱ्यानं मध्ये बोलायचं नसतं, बोललं की बघायची गोष्टच बदलते. मला ती पळवाट वाटली. अजूनही थोडी वाटते. इतके महिने तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मी समजत होते, लॉजकडे बघताय.

पण मला एक सांगा. तुम्ही दारात बसलेले असताना मी शब्द कमी बदलत होते की जास्त? तुम्ही नसताना मी कशी वागते, हे तुम्हाला कसं कळणार होतं? आणि बेळगावातल्या मोठ्या कारखान्यांतसुद्धा कोणीतरी माझ्यासारखी असेल का, जिच्या तोंडातून जाताना साहेबांचा निरोप जरा मऊ होतो? तिलाही कोणी विचारत नसेल. बघा, तुमची खोड मला लागली.

आता मुद्द्याचं. बंगळूरच्या एका कंपनीनं लॉज दहा वर्षं चालवायला मागितलं. भाडं दोघा भावांना, माणसं कंपनीची, आचारीही कंपनीचा. गेल्या आठवड्यात त्यांची दोन माणसं आली, स्वयंपाकघराची लांबी-रुंदी मोजली आणि मला विचारलं, "मॅडम, ही भिंत काढली तर चालेल ना?" मी काय सांगणार? मी मालक थोडीच आहे. नवरा गेल्यावर मी खानापूरहून इथे आले, तेव्हापासून माझं घर, माझं काम, माझी माणसं, सगळं त्या भिंतीच्या आत आहे.

ते गेल्यावर रमेश आला. "अक्का, दादाला सांग, मी द्यायला तयार हाय. रोज उठून पाण्याची वाट बघायचा कंटाळा आलाय मला. तो न्हाईच म्हणंल, तरीबी तू सांगून बघ." त्याचंही बरोबर आहे. सुपा धरणातून पाणी सोडलं तर बोटी, नाही तर दिवसभर पाहुण्यांची बोलणी तोच खातो. मी दादाकडे गेले. मी तोंड उघडायच्या आत दादाच म्हणाला, "रमेशला सांग, माझे गुडघे गेलेत. द्यायचं तर देऊन टाकू. तो ऐकायचा न्हाई, तरीबी सांग."

दोघांनाही द्यायचं होतं, सर. दोघांनाही वाटत होतं, दुसरा अडवणार. आणि दोघांचे होकार फक्त माझ्यापाशी होते.

मी दोघांनाही "सांगते" म्हटलं आणि कंद सोलत बसले. एक वाक्य पुरलं असतं. रमेशला म्हणायचं, दादा नको म्हणतोय. दादाला म्हणायचं, रमेश ऐकत नाही. दोघं तेच ऐकायला तयार बसले होते. कंपनी आल्या वाटेनं परत गेली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता. तेव्हा मला माझीच भीती वाटली. आजवर शब्द बदलले ते भावांचं भांडण वाढू नये म्हणून, असं मी धरून चालले होते. या वेळचं वाक्य कोणासाठी असणार होतं? लॉजसाठी की माझ्यासाठी? आणि चूल मागितली ती तरी कोणासाठी? तुम्ही असता तर उत्तर दिलंच नसतं, आणखी चार प्रश्न विचारले असते. तरी तुम्ही असायला हवे होतात.

काही दिवस पोटात ठेवलं. अन्न गोड लागेना. दोघंही येता-जाता विचारायचे, "सांगितलंस काय?" मी म्हणायचे, सांगते, सांगते.

परवा पाहुणे नदीवर गेल्यावर मी दोघांना एकाच वेळी जेवायला हाक मारली. एरवी मी वेळा चुकवून वाढते. दोघं दारातच अडले. मी म्हटलं, "बसा. आज निरोप दोघांनी मिळून ऐकायचा." पानं वाढली आणि सांगून टाकलं. "दादा, रमेश द्यायला तयार हाय. रमेश, दादाबी तयार हाय. सांगितलासा तसं सांगतेय, माझं त्यात काय न्हाई." रमेशचा घास हातात राहिला. दादा ताटाकडे बघत होता.

"आता माझं सांगते." मी वाढायची पळी खाली ठेवली. "चालवायला द्यायचंच आसंल तर मला द्या. कंपनीएवढं भाडं पहिल्या वर्सी मला जमायचं न्हाई. पण पाव्हणे कशासाठी परत येत्यात ते तुमालाबी ठावं हाय. आनि मला जायला दुसरी जागा न्हाई."

मी बाहेर येऊन पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. मग आतून रमेशचा आवाज आला, "दादा, काय करूया?" मग दादाचा आवाज. मग दोघांचे एकात एक. शब्द ऐकू येत नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझे भाऊ काय बोलतायत ते मला माहीत नव्हतं. दाराला कान लावावा असं फार वाटलं. नाही लावला.

बऱ्याच वेळानं रमेश बाहेर आला. "अक्का, दादा म्हणतोय की..." मी त्याला थांबवलं. "त्यालाच येऊन सांगू दे."

दादा गुडघा धरत पायऱ्या उतरला. माझ्यासमोर उभा राहिला. "एक वर्स तू चालव. मग तिघं बसून बघू." मग म्हणाला, "शालन, तुला काय पायजे ते इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"तुमचं दोघांचं इकडनं तिकडं न्यायलाच दिवस जायचा, दादा."

त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ठेवूनच उभा राहिला. मला रडू आवरेना. रमेश उगाच टाकीचा नळ उघडून बघत होता.

वर्षभरात काय होईल, मला सांगता येत नाही. भाडं नाही निघालं तर कंपनीचा माणूस परत येईल, टेप घेऊन. भावांचं बोलणंही अजून दोन वाक्यांच्या पुढे जात नाही. काल रमेश सवयीनं माझ्याकडे येऊन "त्याला सांग" म्हणाला आणि स्वतःच ओशाळून दादाकडे गेला. दादानं त्याला काय उत्तर दिलं, मी विचारलं नाही. जीव टांगणीला लागला होता, तरी नाही विचारलं. तुमच्या अभ्यासात हे कुठे बसतं, सर? निरोप्या मध्ये नसेल तर घर चालतं की पुन्हा भांडतं? हे बघायला तुम्ही हवे होतात. तुम्हाला आवडलं असतं.

तुम्हाला मात्र एक शब्द देते. यापुढे मला जे वाटतं ते मी माझ्या नावानं बोलेन. दादाच्या तोंडून नाही, रमेशच्या तोंडून नाही. पटलं तर माझं म्हणून पटू दे, आणि चुकलं तर ती चूकही माझ्या नावावर राहू दे. एवढी तरी एक गोष्ट माझ्या नावावर असेल.

तुमची,
शालन
गणेशगुडी