जावयाने न मारलेला धोंडा

वरची वाडी,
कोंबड्याचे वर्ष, पहिला महिना, सतरावा दिवस

होऊ घातलेल्या विहीणबाई सोहोकरीण यांस,
क्वोनांच्या घरातून ओमीकरणीचा सा. न. वि. वि.

आपल्या दोन वाड्यांच्या कालच्या वार्षिक धोंडेलढाईत तुमच्या खालच्या वाडीत कुणाला फार लागलं नसेल अशी आशा आहे. आमच्याकडे सारं क्षेम. थोरल्या दिरांचे पुढचे दात तेवढे गेले. दात वर्षभर मजबूत राहावेत म्हणून परवाच्या पौर्णिमेला त्यांनी रीतीप्रमाणे अक्रोड फोडून खाल्ले होते, त्यामुळे ते जरा नाराज आहेत.

पण पत्र लिहायचं कारण निराळं. तुम्हाला ठाऊकच आहे, ओढ्याच्या कोरड्या पात्रात आमची आघाडी कित्येक वर्षं आमचे हेच सांभाळतात. काल तुमचा इन्ह्योक हातात चांगला नारळाएवढा धोंडा घेऊन यांच्या समोर आला. हे छाती काढून उभे राहिले. आणि तुमच्या लेकानं काय करावं? होणारे सासरे आहेत हे ओळखून त्यानं धोंडा खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि भर लढाईत, बर्फात, गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं. तुमच्या माणसांना वाटलं, हा शरण गेला. ती पळत सुटली आणि आम्ही जिंकलो.

गावानं ढोल बडवले. हे मात्र घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. कुठे लागलं म्हणून विचारलं, तर म्हणाले की कुठेच लागलं नाही, तेच तर दुखतंय. मी काय म्हातारा झालो का, म्हणाले, की हल्ली मला धोंडेही मारवत नाहीत कुणाला? शेवटी जाहीर केलं की ज्यानं आपल्याला धोंडा मारला नाही, त्याच्या घरी आपली लेक ओक्दान देणार नाही. लग्नाचा मुहूर्त पुढच्या महिन्यावर आलाय. काहीतरी सुचवा.

लोभ आहेच, तो या धोंड्यापायी आटू नये.
तुमची ओमीकरीण

*

खालची वाडी,
पहिला महिना, एकविसावा दिवस

विहीणबाई ओमीकरीण यांस,
सोहोकरणीचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

मीठवालीबरोबर तुमचं पत्र पावलं. व्याहीबुवांना कुठेच लागलं नाही हे वाचून वाईट वाटलं. आता आमचंही ऐका.

लढाई जिंकणाऱ्या गावाचं पीक चांगलं येतं, आणि आमची लढाई माझ्या लेकाच्या एका नमस्कारापायी गेली. आता सुगीपर्यंत कुणाचं एक रोप जरी पिवळं पडलं तरी गाव आमच्या दाराकडे बघणार. काल पाटलांनी इन्ह्योकला विचारलं की टोळ आले तर त्यांनाही असाच वाकून नमस्कार करणार का. मी मान खाली घालून घरी आले.

त्याला हाताची अडचण आहे असं नाही. मॅगपाय पक्ष्यासाठी झाडाच्या शेंड्यावर ठेवलेलं शेवटचं फळ तो देठावर खडा मारून पाडतो, फळाला ओरखडा येत नाही. अडचण मनाची आहे. तो पाळण्यात असताना त्याचे वडील गेले. परवा जेवताना चमचा खाली ठेवून म्हणाला की आई, जन्मात पहिल्यांदा कुणाला तरी बाबा म्हणायला मिळणार, आणि त्यांनाच धोंडा मारू? मला तर रडूच आलं.

सोबत सुकवलेली पर्सिमनची फळं पाठवते आहे. मऊ आहेत, दिरांना दातांवाचून चघळता येतील.

आपली माया आहे तशी राहू द्यावी.
सोहोकरीण

*

वरची वाडी,
दुसरा महिना, तिसरा दिवस

विहीणबाई सोहोकरीण यांस, सा. न. वि. वि.

फळं पोचली. दिरांनी ती कुणाला हात लावू दिली नाहीत.

इन्ह्योकचं म्हणणं मी यांना वाचून दाखवलं. डोळे पुसले, आणि मग लगेच इतिहास काढला. हे इतिहास काढतात म्हणजे आधीच्या राजवटीपासून काढतात. तेव्हाच्या राजांकडे म्हणे नुसते धोंडे मारणाऱ्यांची वेगळी पलटण होती. पुढे दक्षिणेच्या बंदरांत जपान्यांनी दंगा केला, तेव्हा राजानं आपल्याच मुलखातून धोंडेवाले बोलावले, आणि यांचे पूर्वज सर्वांत पुढे होते. (सर्वांच्याच घरचे पूर्वज सर्वांत पुढे होते. मागे कोण होतं, कोण जाणे.) मोठ्या लढाईत तर बायकांनी ओच्यातून धोंडे वाहून तटावर नेले. मी म्हटलं, अहो, आता राजधानीत परदेशी मास्तर येऊन बंदुकांची कवायत शिकवतात. तर म्हणाले की पावसात दारू भिजली की त्या बंदुकांनी काय कपडे धोपटायचे? धोंडा भिजला तरी धोंडाच राहतो. आणि त्या पूर्वजांनी शत्रूला बघून टोपी सारखी केली असती, तर आज आपण कुठे असतो?

मला चिंता पोरीची आहे. लग्न पक्कं झाल्याची तुमची रेशमाची पेटी आमच्या घरी आली आहे. आता मोडलं तर तिला पुन्हा कोण विचारणार? ती जेवत नाही, लोणच्याच्या रांजणांपाशी बसून राहते. मुलगा नाही म्हणून यांनी लहानपणी तिथंच तिला धोंडा मारायला शिकवलं होतं, सुटताना मनगट कसं वळवायचं त्यासकट. काल तिनं रागानं कोंबडीला खडा मारला, तर शेपटीचं नेमकं एक पीस उडालं. कोंबडी अजून चकित आहे.

एक वाट दिसते. वधूवरांनी एकमेकांचे प्याले पिऊन लग्न लागेपर्यंत आपण परकेच ना? मग लग्नाच्या दिवशी, प्याल्याआधी, दारातच त्यानं एक धोंडा मारून घ्यावा. परक्याला मारण्यात कसलं पाप? यांना विचारलं. ते कबूल आहेत, कपाळही स्वच्छ धुऊन ठेवतो म्हणाले. नाहीतर नवऱ्या मुलाला उंबरा ओलांडू देणार नाहीत.

उत्तराची वाट पाहते आणि तुमच्यावर भरवसा ठेवते.
ओमीकरीण

*

खालची वाडी,
दुसरा महिना, नववा दिवस

विहीणबाई ओमीकरीण यांस, सप्रेम नमस्कार, वि. वि.

घाईत लिहिते. तुमची युक्ती इन्ह्योकला सांगितली. तो गुरुजींकडे गेला. गुरुजींनी सगळे ग्रंथ काढले. सासऱ्याला नमस्कार किती, कुठल्या दिशेला तोंड करून, टोपी कुठली, हे सारं त्यांत आहे. धोंडा कोणत्या हातानं मारावा हे कुठेच नाही. तेव्हा ज्याला शास्त्र नाही ते करायचं नाही, असं दोघांचं ठरलं.

मी हळूच त्याच्या लग्नाच्या झग्याच्या बाहीत एक गुळगुळीत धोंडा शिवून टाकला होता. त्यानं तो उसवून अंगणात नेऊन ठेवला. मुहूर्ताला तो येईल, रीतीप्रमाणे लाकडी हंस घेऊन येईल, धोंडा मात्र आणणार नाही. मी वरमाय, मला तर घरीच बसायचं. माझ्या लेकाला दारातून परत पाठवू नका हो.

पदर पसरते. माया असू द्यावी.
सोहोकरीण

*

वरची वाडी,
दुसरा महिना, पंधरावा दिवस

माझ्या विहीणबाई सोहोकरीण यांस, सा. न. वि. वि.

झालं. आता ‘होऊ घातलेल्या’ नाही, खऱ्याच विहीणबाई झालात!

तुमचा इन्ह्योक घोड्यावरून आला तेव्हा गावच्या पोरांनी रिवाजाप्रमाणे त्याच्यावर राखेच्या पुड्या फेकल्या. तो निमूट खाली उतरला, हंस छातीशी धरून दारापर्यंत आला. दारात हे उभे, टोपी काढून, कपाळ पुढे करून. त्यानं आधी वाकून नमस्कार केला. हे तापले. म्हणाले की खालच्या वाडीत हात फक्त नमस्काराला ठेवलेत वाटतं. त्यानं पुन्हा नमस्कार केला. मग म्हणाले की इतकी भीती वाटते तर तो हंसच घरी ने आणि त्याच्याशीच संसार थाट. पाहुणे हसले, माझा जीव खालीवर. ओक्दान आत दाराच्या कागदाला भोक पाडून बघत होती, ते मला माहीत आहे. मग यांच्या तोंडून नको ते गेलं. म्हणाले की बाप असता तर त्यानं चार गोष्टी शिकवल्या असत्या.

विहीणबाई, त्याचा हात वर गेलेला मी पाहिलाच नाही. हंस यांच्या कपाळाच्या मधोमध बसला, टण्णकन उडाला, आणि रीतीप्रमाणे तो हंस झेलायला मी ओचा पसरून उभीच होते, त्यात येऊन पडला. मंत्र म्हणणाऱ्या आजोबांना कमी दिसतं. त्यांनी खणखणीत आवाजात जाहीर केलं की वधूमातेनं हंस स्वीकारला, पुढचा विधी करावा.

हे राखेत उताणे पडले होते आणि हसत होते. इन्ह्योक पायाशी बसून रडायला लागला. तेव्हा यांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले की बाप असता तर आज छाती फुगवून फिरला असता, धोंडा तर कुणीही मारतो. मग बोललेल्या शब्दांबद्दल त्याची माफी मागितली. यांनी कुणाची माफी मागितलेली मी आज पहिल्यांदाच पाहिली.

हंसाची चोच मोडली आहे, ती खळीनं चिकटवून घेतली. यांच्या टेंगळावर आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा लावायला गेले, तर झाकलं तर लोकांना दिसणार कसं, म्हणाले.

पोर रीतीप्रमाणे काही महिने माहेरीच राहून शरदात तुमच्याकडे येईल. तिच्यावर माया करा.
तुमची ओमीकरीण

*

खालची वाडी,
कुत्र्याचे वर्ष, पहिला महिना, सतरावा दिवस

विहीणबाई ओमीकरीण यांस, सप्रेम नमस्कार, वि. वि.

काल लढाई कोण जिंकलं ते तुम्हाला सांगायला नकोच. आमचे ढोल तिथवर आले असतील. पाटील इन्ह्योकशी पुन्हा बोलू लागले.

नव्या सुनेनं ओढा ओलांडून माहेरी जायचं नाही, सासरी काय खाल्लं-प्यायलं ते तिकडे कळवायचं नाही, ही आपल्याकडची रीत तुम्हीही पाळलीत आणि मीही. म्हणून ओक्दानबद्दल मी काही लिहीत नाही. एवढंच की काल गावच्या बायकांबरोबर तीही ओच्यातून धोंडे घेऊन आघाडीपर्यंत गेली होती. इन्ह्योक यंदा सासऱ्यांना टाळून मुद्दाम दुसऱ्या टोकाला लढत होता. तरी व्याहीबुवा एकाएकी कपाळ धरून खाली बसलेले दिसले. कुणी मारलं ते धुरळ्यात कळलं नाही. ओक्दानला विचारलं, तर म्हणाली की तिनंही पाहिलं नाही. तिचा ओचा मात्र रिकामा होता.

कसे आहेत ते कळवा. जीव टांगणीला आहे.
सोहोकरीण

*

वरची वाडी,
पहिला महिना, एकोणिसावा दिवस

विहीणबाई सोहोकरीण यांस, सा. न. वि. वि.

हे बरे आहेत. बरे कसले, इतके खुशीत मी यांना कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

शरदात पोर ओढ्यापलीकडे गेली तेव्हापासून यांचं जेवणात लक्ष नव्हतं. तिला चुलीकडची उबदार जागा मिळत असेल का, पुरेसा भात वाढत असतील का, हेच दिवसभर. विचारायची सोय नाही, रीत आडवी येते. रागावू नका विहीणबाई, तुमच्यावर अविश्वास नव्हता, बापाचं मन हो. रोज ओढ्यावर जाऊन तुमच्या धुराड्यातून धूर निघतो का ते बघून यायचे.

त्या दिवशी लढाईहून आले ते कपाळावर हात ठेवूनच. लगदा लावू देईनात. आरसा मागितला. टेंगूळ बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले की धोंडा खालून आला, वर चढला आणि शेवटी वळला. असं मनगट साऱ्या खालच्या वाडीत कुणाला नाही, हे मीच रांजणांमागे शिकवलंय. माझा हात धरून त्या टेंगळावर ठेवला आणि म्हणाले, बघ, काय जोर आहे. उपाशी पोरीच्या हातून इतकं मोठं टेंगूळ येत नाही. आणि रडायला लागले. मीही रडले. मग दोघं पोटभर जेवलो.

आता ते गावभर कपाळ दाखवत फिरताहेत. मुलगी सुखात आहे, म्हणून सांगतात.

तुमचे उपकार कसे फेडू? आहे तो लोभ वाढता ठेवा, आणि पुढच्या वर्षीही पोरीला आघाडीपर्यंत येऊ द्या, एवढी विनंती.

तुमची,
ओमीकरीण