गल्लीच्या टोकाचं वळण

८ फेब्रुवारी

प्रिय दादा,

वहिनीला नमस्कार, पिल्लाला गालगुच्चा, आणि परवा फोनवर ओरडला नसतास तर तुलाही काहीतरी चांगलं पाठवलं असतं. पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. म्हटलं एकदा मी बोलते, तू ऐक.

आमची शर्यत ठरली. मॅरेथॉन म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांपुढे माणसांचा पूर येईल, तर तसं काही नाही. पळणारे जेमतेम तीस, सगळे निवडून घेतलेले, वाऱ्यासारखे, आणि बघायला कुत्रंही नाही. मोठ्या स्पर्धेला जायचं तर आधी ठरावीक वेळेत पळून दाखवावं लागतं. साथीमुळे वर्षभर शर्यतीच बंद, मग बिचाऱ्यांनी दाखवायचं कुठे? म्हणून ही छोटी, झटपट शर्यत. कचेऱ्यांच्या वसाहतीतले रस्ते ओस पडलेत, तिथे दोन किलोमीटरची फेरी आखली आहे. घाण्याच्या बैलासारखं त्याच फेरीत फिरत राहायचं.

पळणं त्यांचं, व्यवस्था माझी, दमले मी. प्रत्येकाची तपासणी, मग एकेकाला वेगळ्या खोलीत ठेवायचं, जेवण दाराबाहेर. सुरुवातीच्या रेषेमागे रंगानं वर्तुळं काढली आहेत, ज्यानं त्यानं आपापल्या वर्तुळात उभं राहायचं. पाण्याच्या बाटल्यांची टेबलं वेगवेगळी. पदक गळ्यात घालायचं नाही, ताटातून ज्याचं त्यानं उचलायचं. माझा अवतार म्हणशील तर पिवळा कोट, टोपी, मास्क आणि वर प्लॅस्टिकची ढाल. आमचे हे म्हणाले, बँक लुटायला निघालीस की काय.

पळणाऱ्यांत एक मुलगी आहे, सगळे तिला काडी म्हणतात. बालवाडीत शिकवते. तिला पळायला शिकवणारे मास्तर सांगत होते की वयाच्या हिशेबानं मोठ्या स्पर्धेला जायची तिची ही शेवटचीच संधी. लग्न, बढती, सगळं या एका वेळेपायी बाजूला ठेवलंय. बोलत नाही फारसं. मला बघितलं की मास्कच्या आत हसते, ते डोळ्यांवरून कळतं.

बाबांचं विचारलं होतंस. ठीक आहेत. वृद्धाश्रमाचं दार बंदच आहे. भेटू देत नाहीत, घरी सोडत नाहीत, नियम आहे, मी काय करणार? पण एक गंमत सांगते. वसाहतीतली एक गल्ली आश्रमाच्या मागच्या भिंतीपाशी संपते. एरवी तिकडे पहारेकरी कुणाला फिरकू देत नाहीत, पण शर्यतीसाठी परवानगी मिळाली. मी फेरी त्या गल्लीत घातली. टोकाला एक नारिंगी शंकू ठेवायचा, त्याला वळसा घालून पळणाऱ्यांनी परत फिरायचं. शंकूच्या बरोब्बर वर पहिल्या मजल्यावर बाबांची खिडकी. त्या वळणावर मी उभी राहणार. वर्षानं दिसतील.

रस्ता मोजणारा म्हणाला, या गल्लीची गरज काय, सरळ पळू द्या की. मी म्हटलं, सुरक्षिततेसाठी, रुग्णवाहिकेची वाट मोकळी हवी. हल्ली सुरक्षितता म्हटलं की माणसं गप्प बसतात. तोही बसला.

तुझी धाकटी


२३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुम्ही तिघं बरे असाल. तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण आता थांबवत नाही.

शर्यत झाली. कुणी आजारी पडलं नाही, कुणी नियम मोडला नाही. वरून शाबासकीचा निरोप आला. पुरुषांतल्या चौघांनी हवी ती वेळ गाठली. काडी नऊ सेकंदांनी चुकली.

सकाळी इतकं शांत होतं की गल्लीत शिरायच्या आधीच पावलं ऐकू यायची. पहिल्या काही फेऱ्या माझं खाली लक्षच नव्हतं. बाबा खिडकीत होते, दादा. निळा स्वेटर, बटणं वरखाली लावलेली. काचेवर हात ठेवून बघत होते. मी हात हलवला. त्यांनी बघितलं आणि नजर पुन्हा पळणाऱ्यांवर नेली. मला ओळखणार कसे? त्या वेषात आरशातली मी मला ओळखू येत नव्हते. मास्क काढावासा वाटला. पण तो नियम मीच केलेला, आणि समोर पंच उभा.

मग कधीतरी काडीच्या पायांकडे लक्ष गेलं. भरधाव यायची, शंकूपाशी पावलं तोडायची, अंग आवरून वळायची आणि पुन्हा पहिल्यापासून वेग पकडायची. दर फेरीला तेच. शेवटी शेवटी तर वळताना तिचा तोल जात होता, एकदा शंकूला हात टेकवून सावरली. मी दोन हातांवर उभी होते. एका लाथेनं तो शंकू उडवता आला असता असं वाटलं, पण मोजलेला रस्ता मधेच बदलला तर सगळ्यांचीच वेळ बाद. मीच घातलेल्या गल्लीत ती अडकली आणि मीही.

संपल्यावर तिनं ताटातलं पदक उचललं, आपल्या वर्तुळात जाऊन बसली आणि रडली. जवळ कुणी जायचं नाही, हाही माझाच नियम. मास्तरांनी लांबूनच विचारलं, “मॅडम, ती गल्ली कशाला हो होती?” मी पुन्हा म्हटलं, सुरक्षिततेसाठी. ते मान हलवून म्हणाले, “मग इलाज नाही.” दादा, त्यांनी भांडायला हवं होतं.

आता जे लिहायचं ते मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं. आश्रमवाले बाबांना सोडत नाहीत, हे खोटं आहे. दारं बंद झाली त्या पहिल्याच महिन्यात त्यांचा फोन आला होता. हवं त्यानं आपलं माणूस घरी न्यावं, फक्त हे सगळं संपेपर्यंत परत घेणार नाही. मी म्हटलं, विचार करून सांगते. अजून विचारच करते आहे.

तू म्हणालास, बाबांना कोंडलंस. कोंडलं. पण त्याआधीची दोन वर्षं तू बघितली नाहीस आणि मी सांगितली नाहीत. बस चालवायची सोडून किती काळ लोटला, पण बाबा रोज पहाटे ड्यूटीवर निघायचे. कडी काढून, अनवाणी. मी मागे धावायची. एकदा डेपोच्या फाटकाशी सापडले, आपली गाडी कुठाय म्हणून पहारेकऱ्याशी भांडत. शेवटी कडीला दोरी बांधून तिचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळून झोपायची. यांना सांगितलं तर म्हणाले, कुलूप लाव. बाबांवर कुलूप लावायला मला जमलं नाही. आश्रमानं लावलं, ते चाललं.

ते गेल्यावर पहिल्या दिवशी मी ऊन अंगावर येईपर्यंत झोपले. मला आवडलं, दादा. लिहायची लाज वाटते, पण आवडलं. मग रोग आला, दारं बंद झाली, आणि ते माझ्या पथ्यावरच पडलं. कुणी विचारलं की नियमाकडे बोट दाखवायचं. ती गल्ली मी बाबांसाठी घातली असं मलाच पटवत होते. घातली माझ्यासाठी. घरी आणायला नको म्हणून खिडकीखाली जाऊन यायचं. आणि त्याची भरपाई त्या पोरीनं पायांनी केली.

तीन आठवड्यांनी पुन्हा शर्यत आहे, मुदत संपायच्या आत शेवटची. वेळ हुकलेले तोवर इथेच, आपापल्या खोलीत. फेरी तीच ठेवायची असं कागदोपत्री ठरलंही होतं. काल मी मास्तरांना खरं सांगितलं.  ते म्हणाले, “शंकू उचला. आणि तिला तुम्हीच सांगा.” मी काडीच्या खोलीबाहेर सहा फुटांवर उभी राहून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. बरोबरच केलं. गल्ली काढली, रस्ता मोजणारा उद्या नव्यानं मोजतो आहे. ती पळेल का, मला माहीत नाही.

एक सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मागे ठेवलं होतं. शर्यतीच्या संध्याकाळी आश्रमातल्या मावशींचा फोन आला. म्हणाल्या, आजोबा आज खिडकीतून हलले नाहीत, जेवायलाही नाही. सगळ्या गाड्या वेळेवर धावताहेत म्हणून खूश होते. पण दुपारपासून माझ्यामागे लागलेत, बूट आण म्हणून. मी विचारलं, कशाला? तर त्यांनी बाबांच्या हातातच फोन दिला.

बाबा म्हणाले, “अहो, इथे स्टॉपवर एक बाई उभी होती. पिवळ्या कोटातली. इतक्या गाड्या आल्या नि गेल्या, तिला कुणी घेतलंच नाही. माझे बूट पाठवा. मी तिला घरी सोडतो.”

रोज संध्याकाळी तासभर फोन करत जा, आणि माझ्याशी नाही, त्यांच्याशी बोल. कडीला दोरी पुन्हा बांधली आहे. शुक्रवारी बूट घेऊन जाते.

तुझी,
स्टॉपवरची